घराचा पत्ता आणि रहिवाशांचे आरोग्य: मुंबईतील वस्त्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातील आरोग्याची चर्चा बहुतेक वेळा रुग्णालयातील खाटांपासून सुरू होते आणि डॉक्टरांच्या रिक्त पदांपाशी संपते. पुढील प्रश्नोत्तरांत ती खिडकी, नळ, शौचालय आणि दोन इमारतींमधील गल्ली यांपासून सुरू केली आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईची, आणि त्यातही गोवंडी, मानखुर्द, देवनार, माहुल या पूर्व भागातील आहेत. हे प्रश्न तिथे सर्वांत उघडपणे दिसतात, आणि अभ्यासकांनी व न्यायालयांनी त्यांची नोंदही घेतलेली आहे.

परिसराचा आरोग्यावर परिणाम होतो, म्हणजे नेमके काय होते?

माणूस दिवसाचे चोवीस तास कोणती हवा घेतो, कोणते पाणी पितो, त्याच्या खोलीत ऊन येते की नाही, रात्री त्याला सलग झोप मिळते की नाही, या गोष्टी तो राहतो त्या जागेवर ठरतात आणि त्यांतील फारच थोड्या त्याच्या हातात असतात. सिगारेट ओढायची की नाही हे एखाद्याला ठरवता येते, परंतु समोरची इमारत तीन मीटरवर असावी की बारा मीटरवर, हे त्याला कोणी विचारत नाही. परिसराचा परिणाम अशा ठोस मार्गांनी होतो: क्षयाचे जंतू हवेतून, कावीळ आणि जुलाब पाण्यातून, दमा धुरातून, मधुमेह आणि रक्तदाब बैठ्या जीवनातून, अपुऱ्या झोपेतून व सततच्या ताणातून. ‘वातावरण चांगले नाही’ असे मोघम म्हणण्याऐवजी कोणत्या मार्गाने कोणता आजार येतो हे पाहिले, तर काय दुरुस्त करायचे तेही कळते.

पण हा सगळा गरिबीचाच परिणाम नाही का?

शंका रास्त आहे. गरीब माणूस वाईट वस्तीत राहतो आणि आजारीही जास्त पडतो, तेव्हा आजाराचे कारण वस्ती की रिकामा खिसा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत, सरकारी वसाहतींत राहणाऱ्या ४,६०० हून अधिक गरीब कुटुंबांची सोडत काढण्यात आली. म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्या वाचकाला ही पद्धत चटकन समजेल. काही कुटुंबांना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाडेमदत मिळाली, काहींना मिळाली नाही. दहा ते पंधरा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा ज्यांना स्थलांतराची संधी मिळाली होती त्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण कमी आढळले. या प्रौढांची कमाई मात्र वाढलेली नव्हती. म्हणजे खिशात फरक न पडता केवळ पत्ता बदलल्याने शरीरावर फरक दिसला.

मुंबईत अशी सोडत कोणी काढलेली नाही, परंतु पुनर्वसनाच्या निमित्ताने तिच्या जवळ जाणारी परिस्थिती निर्माण झाली. एकाच विभागात, साधारण एकाच आर्थिक स्तरातील कुटुंबे वेगवेगळ्या रचनेच्या इमारतींत राहायला गेली. त्यातून काय दिसले ते पुढील प्रश्नात आहे.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत क्षयरोग जास्त का आढळतो?

रेल्वे आणि रस्ते यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या गेल्या, अशा हजारो कुटुंबांना महापालिकेच्या एम पूर्व विभागातील वसाहतींत घरे देण्यात आली. त्यांतील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहतींचा तुलनात्मक अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला आणि २०१८ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष चर्चेत आले. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण तिसरीच्या कित्येक पट होते. खालच्या मजल्यांवर ते वरच्या मजल्यांपेक्षा जास्त होते. लोक साधारण सारखेच, विभाग तोच, दवाखाने तेच; वेगळी होती ती इमारतींची मांडणी. पीएमजीपीच्या इमारती तुलनेने ठेंगण्या आणि सुट्या आहेत. उरलेल्या दोन वसाहतींत उंच इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट उरते.

यामागील कारण समजायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. क्षयाचा रुग्ण खोकतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतील हवा खेळती असेल तर ते विरळ होत जातात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण जंतूंना मारतात. हवा कोंडलेली असेल आणि खोलीत ऊन कधीच येत नसेल, तर त्याच खोलीत झोपणारी आणखी चार-पाच माणसे रात्रभर तीच हवा घेत राहतात. अरुंद फटीत वारा शिरत नाही, आणि तळाच्या तीन-चार मजल्यांना दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो. त्यातच या फटीत वरून कचरा पडतो आणि सांडपाण्याचे पाइप गळतात. दुर्गंधी व उंदीर नकोत म्हणून रहिवासी खिडकी कायमची बंद करतात. खिडकी बंद ठेवल्याबद्दल रहिवाशांना दोष देणारी भाषणे आरोग्य शिबिरांत ऐकू येतात, तेव्हा वक्त्याने ती खिडकी एकदा स्वतः उघडून पाहिली आहे का, असे विचारावेसे वाटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. क्षय केवळ वास्तुरचनेमुळे होत नाही. कुपोषण हे त्याचे तितकेच मोठे कारण आहे: झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसा शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटले. तंबाखू, मधुमेह आणि अर्धवट सोडलेले उपचार यांचाही वाटा असतो. इमारतीची रचना हे अनेक कारणांपैकी एक आहे. पण ते असे कारण आहे, जे बांधकामापूर्वी कागदावरच टाळता आले असते.

तरीही झोपडीपेक्षा पक्के घर आरोग्याला चांगलेच असणार ना?

काही बाबतींत निश्चितच. स्वतंत्र शौचालय, घरातील नळ, पावसात न गळणारे छप्पर आणि हक्काचा कागद यांचे मोल झोपडीत राहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु बैठ्या वस्तीतील घराचे दार गल्लीत उघडते, दिवसाचा बराच वेळ लोक उंबऱ्याबाहेर असतात आणि पोटमाळ्याच्या पत्र्याच्या फटींतूनही हवा येत-जात असते. सातव्या मजल्यावरील २२५ चौरस फुटांच्या खोलीचे दार अंधाऱ्या मार्गिकेत उघडते, त्यामुळे ते दिवसभर बंद राहते. शासनाने पुनर्वसनाच्या घराचे क्षेत्रफळ पुढे २६९ आणि मग ३०० चौरस फुटांपर्यंत वाढवले, हे चांगलेच झाले. तथापि घर मोठे झाले म्हणून त्यात उजेड येतोच असे नाही, आणि क्षेत्रफळाच्या वाटाघाटींत उजेडाचा विषय सहसा कोणी काढत नाही.

इमारतींमध्ये इतके कमी अंतर ठेवण्याची परवानगी मिळतेच कशी?

या प्रश्नासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढील काही महिन्यांत शहर ओस पडू लागले, १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याच वर्षी वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्तीतून हवा खेळती राहावी म्हणून रस्ते काढायचे आणि कोंदट चाळी पाडायच्या, हे त्याचे काम. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते, त्यामुळे हवेवरचा हा भर प्लेगच्या बाबतीत काहीसा चुकलेलाच होता. क्षयाच्या बाबतीत मात्र तो अचूक होता.

याच ट्रस्टच्या काळात मुंबईत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम रुजला. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेषा काढली, तर तिच्यावरचे आकाश मोकळे दिसले पाहिजे, असा तो नियम. हिशेब सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये हवे. चोवीस मीटर उंचीच्या आठ मजली इमारतीसमोर बारा मीटर मोकळी जागा सोडावी लागेल. मानखुर्दच्या तीन मीटर फटीत हाच कोन सुमारे ८३ अंशांचा होतो, म्हणजे तळमजल्यावरच्या माणसाला आकाश पाहायचे तर मान जवळजवळ सरळ वर करावी लागते.

ट्रस्टचे गोडवे गाण्याचेही कारण नाही, कारण त्याने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत आणि गरिबांची गर्दी शेजारच्या गल्लीत ढकलली. पण उजेडाला मोजमाप असते ही गोष्ट त्याने नियमात आणली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३३(१०) या नियमावलीने उलट दिशा घेतली: योजना परवडावी म्हणून बाजूच्या मोकळ्या जागांत सवलती दिल्या आणि हेक्टरी किमान ५०० घरांची अट घातली, जी पुढे ६५० झाली. गर्दीला कमाल मर्यादा असावी असे आरोग्यशास्त्र सांगते, आणि इथे नियमच किमान गर्दी ठरवून देतो. विकासकाला विक्रीसाठी जास्त जागा मोकळी करून देणे हा त्यामागील हिशेब आहे. तो कोणी लपवलेलाही नाही.

एम पूर्व विभागात माणूस सरासरी ३९ वर्षेच जगतो, हे खरे आहे का?

हा आकडा वारंवार छापला जातो आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने. महापालिकेच्या २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालाच्या आधारे सांगितला जाणारा ३९ वर्षांच्या आसपासचा आकडा हे मृत्यूसमयीचे सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. ज्या भागात मुले आणि तरुण जास्त, तिथे होणाऱ्या मृत्यूंत तरुणांचा वाटा आपोआप वाढतो. शिवाय अनेक वृद्ध अखेरच्या काळात गावी परततात आणि त्यांची नोंद गावी होते. म्हणून हा आकडा ‘इथे जन्मलेले मूल ३९ वर्षे जगेल’ असा वाचू नये. याचा अर्थ परिस्थिती ठीक आहे असाही नाही. त्याच अहवालात मानवी विकास निर्देशांकात हा विभाग शहरातील सर्व विभागांत तळाशी होता, आणि बालकुपोषण, क्षय, पाणी व शाळा यांची स्थिती पाहता त्यात आश्चर्य वाटत नाही.

देवनारच्या कचराभूमीचा शेजाऱ्यांना काय त्रास होतो?

देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जातो. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, उन्हाळ्यात तो पेट घेतो आणि आग ढिगाच्या आत दिवसेंदिवस धुमसत राहते. जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा मोठ्या आगीची बातमी होते, परंतु फुप्फुसांचे नुकसान रोजच्या लहान धुराने अधिक होते. प्लास्टिक आणि रबर जळताना निघणारे सूक्ष्म कण व विषारी वायू दमेकरी मुलांना आणि वृद्धांना सर्वाधिक बाधतात. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. दोन्हींमधील ही दरी लक्षात ठेवूनच ‘हवा मर्यादेत आहे’ हे विधान वाचावे.

याच भागातील जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्टीविरुद्ध रहिवासी वर्षानुवर्षे भांडले, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शहराबाहेर हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत घालून दिली. दुसरीकडे, २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार कचराभूमीची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्यास मान्यता दिली. कचरा उचलला तरी जमिनीतील वायू आणि दूषित झिरपा लगेच थांबत नाहीत. त्यामुळे तिथे कोणाला, किती वर्षांनी आणि कोणत्या चाचण्यांनंतर राहायला पाठवणार, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध करणे नव्हे.

माहुलचे प्रकरण नेमके काय होते?

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यानंतर तेथील कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुल येथील ७२ इमारतींच्या वसाहतीत पाठवण्यात आले. ही वसाहत तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि रसायनांच्या टाक्यांच्या लगत आहे. माहुल-आंबापाड्यातील जुन्या रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच येथील हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते. तरीही लोकांना तिथे पाठवणे सुरू राहिले. श्वसनाचे व त्वचेचे विकार आणि जवळ रुग्णालय नसणे याविरुद्ध रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, सुरक्षित ठिकाणी घरे देणे शक्य नसेल तर प्रत्येक कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. या प्रकरणामुळे पुनर्वसनाचे घर फक्त असून भागत नाही, ते राहण्याजोग्या हवेत असावे लागते, हे न्यायालयाच्या नोंदीत आले.

नळाला पाणी येते, मग पोटाचे आजार का होतात?

मुंबईत धरणांतून येणारे पाणी शुद्ध करूनच सोडले जाते. ते बिघडते ते शेवटच्या टप्प्यात. पाणी दिवसातून दोन-तीन तास येते आणि उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते. गटारातून किंवा गटाराला लागून गेलेल्या वाहिनीला भोक असेल, तर या रिकाम्या काळात बाहेरचे घाण पाणी आत शिरते. कमी दाबामुळे लोक मोटार लावून पाणी खेचतात आणि त्याने हे शोषण आणखी वाढते. म्हणून नळ सुटल्यानंतरचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. नंतर भरलेले पाणीही वास येत असल्यास उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून वापरावे.

दुसरी बाब प्रमाणाची आहे. इमारतींसाठी दरडोई १३५ लिटर पाणी धरले जात असताना झोपडपट्ट्यांसाठी बराच काळ ४५ लिटर धरले गेले. पाणी कमी असले की आधी हात धुणे, मग आंघोळ आणि मग भांडी यांत काटकसर होते. खरूज, जुलाब आणि डोळे येणे हे आजार त्या काटकसरीतून येतात. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यातील माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले आणि २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. प्रत्यक्षात जोडणी मिळेपर्यंत टँकर आणि विकतचे पिंप यांवर भागवावे लागते, आणि लिटरमागे सर्वांत जास्त पैसे शहरातील सर्वांत गरीब माणूस मोजतो.

सार्वजनिक शौचालयांचा स्त्रियांच्या आरोग्याशी काय संबंध?

स्वच्छ भारत अभियानाच्या निकषानुसार सामुदायिक शौचालयात २५ स्त्रियांमागे किंवा ३५ पुरुषांमागे एक शौचकूप असावे. अनेक वस्त्यांत प्रत्यक्ष भार याच्या कितीतरी पट असतो. रांग, रात्रीचा अंधार, तुटलेल्या कड्या, प्रत्येक खेपेचे पैसे आणि टवाळखोर यांमुळे स्त्रिया संध्याकाळनंतर पाणी पिणेच कमी करतात. लघवी रोखून धरल्याने व पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, बद्धकोष्ठता वाढते आणि गरोदरपणात हा संसर्ग अधिक धोक्याचा ठरतो. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना पैसे, या अन्यायाविरुद्ध २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. तिच्या नावावर हसणाऱ्यांनी एकदा सकाळी सातच्या रांगेत उभे राहून पाहावे.

सामायिक सोयींचा परिणाम कोविडच्या काळात आकड्यांत दिसला. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन विभागांत झालेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, तर त्याच विभागांतील इमारतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. दाट लोकसंख्या आणि सामायिक शौचालये व पाण्याच्या जागा हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे सर्वेक्षण करणाऱ्यांनीच नमूद केले होते.

डेंगी आणि मलेरिया हे झोपडपट्टीचेच आजार आहेत का?

नाही. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी हा डास विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामाच्या जागी साचलेले पाणी यांत वाढतो. डेंगीचा एडिस तर फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटलीही सोडत नाही. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाचा अभ्यास केला, तेव्हाही त्यांचे बोट विहिरींकडे होते, आणि त्या विहिरी सधन वाड्यांत होत्या. फरक पडतो तो पाण्याच्या साठवणुकीमुळे: ज्याला चोवीस तास पाणी आहे त्याला पिंपे भरून ठेवावी लागत नाहीत. लेप्टोस्पायरोसिसचे गणित मात्र वेगळे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर जी साथ आली, तिचा तडाखा साचलेल्या पाण्यातून चालावे लागणाऱ्या सखल वस्त्यांना बसला.

उन्हाळ्यात पत्र्याचे घर किती धोकादायक ठरते?

सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा दिवसभर तापतो आणि संध्याकाळीही खोलीत उष्णता सोडत राहतो. मुंबईत हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून ३५ अंशांतही शरीर थंड होऊ शकत नाही. रात्रीही उकाडा राहिला तर हृदयाला आणि मूत्रपिंडांना विश्रांती मिळत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. त्यातील सर्वांत स्वस्त उपाय, म्हणजे छपराला चुना किंवा परावर्तक पांढरा रंग देणे, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतही करता येतो. त्याने खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते.

मोकळ्या जागा नसल्याने खरेच आजार होतात का?

केंद्र सरकारच्या नियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबईत ती साधारण सव्वा चौरस मीटर भरते. चालायला पदपथ नाही, खेळायला मैदान नाही आणि शाळेसमोर पाच रुपयांची वेफर्सची पाकिटे मुबलक, अशा ठिकाणी मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला देणे सोपे असते. उंच टॉवरमधील पोडियमवरची बाग हा याचा पर्याय नव्हे. ती आतल्यांसाठी असते आणि तिच्या भिंतीमुळे बाहेरचा रस्ता चालायला आणखी रुक्ष होतो.

स्थलांतराचा मनावर परिणाम होतो का?

होतो, आणि त्याची नोंद सर्वांत कमी होते. दादरच्या रुळांलगतच्या वस्तीतून मानखुर्दला आलेल्या घरकाम करणाऱ्या बाईची चार घरांची कामे सुटतात, मूल सांभाळणारी शेजारीण दुसऱ्या इमारतीत जाते आणि जिन्यात कोणी ओळखीचे भेटत नाही. सोबतीला गोंगाट असतोच. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमांत आहे, आणि ती पाळली गेलेली रात्र मुंबईत विरळाच.

भाड्याने किंवा विकत घर घेताना आरोग्याच्या दृष्टीने काय पाहावे?

घर दुपारी दिवे बंद करून पाहावे. दलाल सगळे दिवे लावून ठेवतो, ते आधी बंद करायला सांगावे. खिडक्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीत, उघडतात की बाहेर, आणि समोरासमोर दोन खिडक्या आहेत का, हे पाहावे. भिंतींच्या कोपऱ्यांत ओल आणि बुरशी आहे का, हे रंगाच्या ताज्या हातामागेही वासावरून कळते. पाणी किती वाजता, किती वेळ येते हे मालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचारावे. परवडत असेल तर खेटून असलेल्या इमारतींत वरचा मजला घ्यावा. लिफ्ट बंद पडत असेल आणि घरात वृद्ध असतील तर अर्थातच हा हिशेब बदलतो.

तक्रार कुठे करावी?

पाणी, कचरा, गटार आणि डास यांसाठी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक किंवा विभाग कार्यालय. तक्रार क्रमांक अवश्य लिहून घ्यावा, कारण त्याशिवाय पाठपुरावा होत नाही. डासांची पैदास होत असल्यास महापालिका अधिनियमाच्या कलम ३८१ खाली मालकाला नोटीस देता येते. धूर आणि रासायनिक वास यांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर तक्रार बाजूला ठेवून आधी महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासावी. ही तपासणी व औषधे मोफत आहेत, आणि उपचारांच्या काळात रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत.

आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार आहे. आराखड्यात काय विचारावे?

सभांमध्ये चर्चा बहुधा चटईक्षेत्र, कॉर्पस फंड आणि भाडे यांच्यावरच होते. त्यासोबत तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत यांच्यातील अंतर मीटरमध्ये, तसेच पुनर्वसनाच्या दोन इमारतींमधील अंतर. उंचीच्या निम्म्याहून ते किती कमी आहे हे कोणालाही काढता येते. दुसरी, प्रत्येक खोलीची खिडकी कुठे उघडते. स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली डक्टवर असेल तर त्या डक्टची रुंदी आणि तळाशी साफसफाईसाठी दार आहे की नाही. तिसरी, सूर्यप्रकाशाचा नकाशा. २१ डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्या वेळी खालच्या तीन मजल्यांपैकी किती घरांत ऊन पोहोचेल, हे वास्तुविशारदाला संगणकावर काही मिनिटांत काढून दाखवता येते. निम्म्याहून अधिक सदनिकाधारकांच्या संमतीवाचून योजना पुढे सरकत नाही, म्हणून हा नकाशा संमतीपत्रावर सह्या होण्यापूर्वी मागावा. नंतर मागितल्यास तो सहसा मिळत नाही.